काकूंचा बंब आणि माझी अडत

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा तांब्याचा बंब मी विकून दिला, तेव्हा याचे पैसे घ्यावेत असं मनातही आलं नव्हतं. कर्वेनगरमधली आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली होती. बिल्डरने दिलेल्या तारखेच्या आत सगळ्यांना जागा रिकाम्या करून द्यायच्या होत्या आणि चाळीस-चाळीस वर्षांचे संसार माळ्यांवरून खाली उतरत होते. जिन्यात रोज काहीतरी नवं दिसायचं. पाटा-वरवंटा, पत्र्याच्या ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, पाळण्याच्या कड्या. भाड्याच्या दोन खोल्यांत यातलं काहीच मावणार नव्हतं.

बंब काकूंच्या सासूबाईंचा. सदाशिव पेठेतला वाडा पडला तेव्हा तो इकडे आला, घरात गीझर बसल्यावर माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवला, पितळेची तोटी वेगळी धरली आणि मोडीचा भाव सांगितला, साडेचार हजार. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं. मधल्या नळीच्या भोवती क्षाराचा पांढरा थर बसला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघेल इतका जाड. खाली जाळीत बंबफोडीचा अर्धवट जळका तुकडा अजून अडकलेला होता. काकूंनी तो काढला, पाहिला आणि परत तिथेच ठेवला.

मी म्हटलं, "काकू, मला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन गेले तर काकूंनी अर्धा बंब पितांबरीने घासून लखलखीत केलेला. अर्धा काळपट, अर्धा सोन्यासारखा. मला तेव्हा माहीत नव्हतं की अशा वस्तू जमवणाऱ्यांना तो जुना काळपटपणाच हवा असतो. आम्ही उरलेलाही घासला. गॅलरीत ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, तोटीचा वेगळा, तळाला पडलेल्या एका पोचीचा वेगळा. ओएलएक्सवर आणि फेसबुकवर टाकले. नवव्या दिवशी बंब १४,००० रुपयांना गेला. मुळशीकडे नवीन हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थांनी नेला. सगळे पैसे मी काकूंच्या हातात ठेवले. संध्याकाळी त्या पेढे आणि खण घेऊन आल्या, माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून."

त्या वाक्याने मला फार बरं वाटलं. इतकं, की पुढचे चार महिने मी तेच काम करत राहिले.

एकाचं ऐकून दुसरा आला. बी विंगमधल्या आजोबांची घड्याळं, तळमजल्यावरच्या आजींचा शिसवी पलंग, कुणाची हार्मोनियम, कुणाचा डायनिंग टेबल. मी बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली, मुलं आपापल्या कामाला लागलेली, त्यामुळे "तुला काय, वेळच वेळ आहे" असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. या कामात किती वेळ जातो हे बाहेरून दिसत नाही. मीही तो कधी मोजला नव्हता. मग एकदा एका मिक्सरपुरती वही केली. सहाशे रुपयांचा मिक्सर. "अव्हेलेबल आहे का?" "लास्ट किती?" "तीनशेला द्या, आत्ता येतो." एकूण ४१ मेसेज, येतो म्हणून वेळ ठरवलेली सहा माणसं, त्यांतली प्रत्यक्ष आलेली दोन. एकाने भांड्यांची झाकणं नीट बसत नाहीत म्हणून तो परत ठेवला. दुसरा घेऊन गेला आणि रात्री फोन करून म्हणाला, आवाज फार येतो. मी दोनदा रिक्षा केली होती. घरी दुपारचं जेवण तीन दिवस गार खाल्लं.

तरीही पैसे मागायला जीभ रेटेना. शेजारधर्म, नातं, लहानपणापासून कानावर पडलेलं "माणसं जोडावीत". आणि 'कमिशन' या शब्दाला आपल्याकडे चिकटलेला वास. दलाल म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा माणूस मला व्हायचं नव्हतं.

हे बदललं ते काकूंच्याच एका वाक्याने, आणि ते वाक्य त्यांनी मला सांगितलंसुद्धा नव्हतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांची बहीण भेटली. बोलता बोलता म्हणाली, "अगं, तो बंब हॉटेलात गेला ते ताईला फार लागलं. तिच्या भाचीनेही मागितला होता, थोडे कमी देणार होती. पण तू इतकी धावपळ करत होतीस, तेही फुकट. तुला कसं सांगायचं? गप्प बसली."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी काकूंवर उपकार केले आणि त्या उपकारांनी त्यांचं तोंड बंद केलं. वस्तू त्यांची, आठवण त्यांची, आणि ती कुठे जावी हे बोलायचा हक्क मी पेढ्यांच्या पुड्याबरोबर घेऊन बसले. मी चार पैसे घेतले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "थांब, असं नको." भाजीवालीला आपण म्हणतोच ना, ही जुडी नको, ती दे. पैसे दिलेले असतात म्हणून म्हणतो.

मग प्रश्न उरला किती घ्यायचे, आणि तो सोपा नव्हता.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावजवळचं. वडील कांदा आणि टोमॅटो करायचे. माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला की चार-पाच दिवसांनी अडत्याची, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाची, हिशेबाची पट्टी यायची. पातळ कागदाची, निळ्या कार्बनची. वडील ती दिव्याखाली धरून वाचायचे आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. वर मालाचं वजन आणि भाव, खाली वजावट. अडत म्हणजे अडत्याचं कमिशन, मग हमाली, तोलाई, वराई, मोटारभाडं. सगळं वजा जाऊन तळाशी एक आकडा. वडील अडत्यावर कधी चिडले नाहीत. "त्याच्या ओळखीवर माल जातो, त्याने घ्यावेच," असं म्हणायचे. पण पट्टीत एखादी ओळ वाचता येईना झाली, किंवा 'इतर' म्हणून काही लावलेलं दिसलं, की त्यांचा आवाज चढायचा. त्यांचा राग रकमेवर नसायचा, न कळणाऱ्या ओळीवर असायचा.

ती पट्टी मला आता, पन्नाशी उलटल्यावर, नीट समजली. अडत शेकड्यावर असते. भाव पडला की ती पण कमी होते, अडत्या शेतकऱ्याबरोबर थोडातरी खाली येतो. हमाली-तोलाई मात्र पोत्यावर असते, भाव काहीही असो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. दहा पोती. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्यांच्या नावे उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा. तो चेक तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पोतं उचलणाऱ्या हमालाची त्यात काही चूक नव्हती, त्याची पाठ तेवढीच वाकली होती. पण ठरावीक आकड्याची वजावट स्वस्त मालाला गिळून टाकते, हे त्या दोन रुपयांत आहे.

माझ्यापुढे नेमकं तेच कोडं होतं. मिक्सरला आणि बंबाला माझे कष्ट जवळजवळ सारखेच. फोटो तेवढेच, मेसेज तेवढेच, उलट मिक्सरला जास्त. दहा टक्के लावले तर मिक्सरचे मला ६० रुपये. वस्तूमागे पाचशे लावले तर मिक्सरच्या मालकिणीला उरणार शंभर, म्हणजे माझीही पट्टी त्या बार्शीच्या पट्टीच्या वळणावर गेली.

अमेरिकेत हे सगळं आपल्याआधी होऊन गेलं आहे. लोकांनी आपल्या वस्तू विकायची ईबे ही वेबसाइट १९९५ साली सुरू झाली. तिचे संस्थापक पियर ओमिड्यार यांनी तिथे अगदी सुरुवातीला विकलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला. मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतं, तिथपर्यंत पोचावं लागतं. हे पोचणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पुढे २००३-०४ च्या सुमारास तिकडे दुकानं निघाली. तुम्ही वस्तू आणून द्या, आम्ही फोटो काढून ईबेवर विकू आणि आमचा वाटा कापून चेक पाठवू. अशी बरीच दुकानं पुढे बंद झाली. माझ्या वहीतला मिक्सर पाहिल्यावर का झाली असतील ते मला समजू शकतं. लोक घरातलं सगळंच आणून टाकणार, आणि स्वस्त वस्तूत विकणाऱ्याचाही खर्च निघत नाही, मालकाच्याही हातात काही येत नाही.

म्हणून पहिला निर्णय घेतला तो न विकण्याचा. हजाराच्या आतली वस्तू मी विकायला घेत नाही. ती कुणाला उपयोगी पडेल ते मालकांबरोबर बसून ठरवते. कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमनचं कुटुंब, नव्याने खोली घेतलेली शिकणारी मुलं. लहानपणी दारावर बोहारीण यायची, तिच्याशी आई एका स्टीलच्या पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायची आणि शेवटी दोन्ही बाजू खूश असायच्या. तो तास आईला परवडत होता. सहाशेच्या मिक्सरसाठी तीन दिवस मला परवडत नाहीत, आणि ते परवडतात असं दाखवणं खोटं आहे.

त्यावरच्या वस्तूंसाठी मी आधी असं ठरवलं: ५,००० पर्यंत २५ टक्के आणि त्याहून महाग असेल तर १५ टक्के. कागदावर लिहून बी विंगच्या आजोबांना दाखवलं. ते हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागदावर पेन्सिलीने दोन आकडे केले आणि कागद माझ्याकडे फिरवला. वस्तू पाच हजारांना गेली तर माझे १,२५०. साडेपाच हजारांना गेली तर माझे ८२५. "म्हणजे," आजोबा म्हणाले, "माझं कपाट महाग जाऊ नये असं तुला वाटायला लागणार. तू तशी नाहीस, पण कागद तसा आहे. इन्कम टॅक्ससारखं कर."

तसं केलं. पहिल्या ५,००० वर २५ टक्के. त्यापुढच्या २०,००० वर १५. त्याच्याही पुढे १०. काकूंचा बंब आज विकला असता तर पहिल्या पाच हजारांचे १,२५० आणि उरलेल्या नऊ हजारांचे १,३५०, मिळून २,६००. काकूंना ११,४००. भंगारवाल्याच्या साडेचार हजारांपुढे मला हा आकडा डोळ्याला डोळा भिडवून सांगता येतो.

पण त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडली होती, आणि ती दिसल्यावर मी बराच वेळ वहीकडे बघत बसले. समजा बंबाला १२,००० चं गिऱ्हाईक आज दारात उभं आहे, आणि आणखी आठ-दहा दिवस थांबलं तर १४,००० मिळतील. थांबलं नाही तर माझं नुकसान फक्त ३०० रुपये, काकूंचं १,७००. पण त्या दहा दिवसांचे मेसेज मी झेलणार, काकू नाहीत. म्हणजे घाई करण्यात माझाच फायदा. टक्केवारीमुळे दोघांचं हित एक होतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. यावर मला टक्क्यांत उपाय सापडला नाही, वागण्यात सापडला. फोटो टाकायच्या आधी मालक तळाची किंमत सांगतात, ती मी लिहून घेते. पहिले तीन आठवडे मी तिच्या खाली बोलतच नाही. आणि आलेला प्रत्येक आकडा, अगदी 'तीनशेला द्या'सुद्धा, त्याच संध्याकाळी त्यांना कळवते. थांबायचं की द्यायचं ते त्यांनी सांगायचं.

खरेदीदाराकडून का घेत नाही, असं काहींनी सुचवलं. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा अडत्यांनी बंद पुकारला होता. आमच्या घरी त्या बातमीचा केवढा आनंद झाला होता. पण माझं काम तसं नाही. मी एका घराच्या बाजूने उभी आहे. समोरच्याकडून पैसे घेतले की त्याच्याही बाजूने उभं राहावं लागेल, आणि मग पोचीचा फोटो टाकायचा की नाही असा प्रश्न पडायला लागेल. दोन्हीकडून घेणारे असतात. ते मला कधीही पटलेलं नाही.

शेजारच्या इमारतीत एक वकील राहतात, आता कोर्टात जात नाहीत. त्यांना मी एकदा विचारलं की मी काही घेतच नव्हते तेव्हा तरी माझ्यावर जबाबदारी नव्हती ना? ते हसले आणि १८७२ च्या करार कायद्याचं पुस्तक काढलं. कलम १८५: एजन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचं नातं, निर्माण व्हायला मोबदल्याची गरज नसते. कलम २१३: मालकाने मागितला की एजंटने हिशेब द्यायचा. कलम २१५: मालकाला सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय एजंटने त्या व्यवहारात स्वतः गिऱ्हाईक व्हायचं नाही. म्हणजे फुकट काम करतानाही मी बांधलेलीच होते, फक्त ते मला आणि काकूंना माहीत नव्हतं.

त्या शेवटच्या कलमाची परीक्षा महिन्याभरात झाली. तळमजल्यावरच्या आजींकडे पितळी पानाचा डबा निघाला. आत चुन्याची डबी, सुपारीचे कप्पे आणि मोराच्या आकाराचा अडकित्ता. असे अडकित्ते मी केळकर संग्रहालयात काचेआड पाहिले होते, हातात कधी घेतला नव्हता. मोराच्या मानेवर बोटं बसतात तिथली नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. तो हातातून खाली ठेवावासा मला वाटेना. आजी म्हणाल्या, "ने की तू. माझ्यासाठी इतकं करतेस." मला तो तसा नेता आला नसता. मी आजींना सांगितलं, हा मलाच हवाय, म्हणून याचा भाव मी सांगणार नाही. दहा दिवस तो इतर वस्तूंसारखाच टाकला. सगळ्यांत मोठा आकडा ३,२०० आला. तेवढे पूर्ण पैसे मी आजींना दिले, कमिशन न कापता. तो डबा आता माझ्या टेबलावर आहे.

फसवणुकीबद्दल थोडंच लिहिते, कारण ती पद्धत आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. 'मी फौजेत आहे, बदली झालीय, वस्तू न पाहताच घेतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील.' आजी स्कॅन करून पिन टाकायच्या बेतात होत्या, सुदैवाने मी तिथेच होते. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकाशी फक्त मी बोलते आणि पैसे वस्तू उचलताना थेट मालकांच्या खात्यात जातात. माझा वाटा मला त्यांच्याकडून नंतर मिळतो. आधी ते माझ्या खात्यात यायचे आणि मी कापून उरलेले द्यायचे. रक्कम तीच, पण आता देणारा हात त्यांचा असतो. तो फरक मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

एका घराचं काम मात्र मी सोडलं. मुलगा अमेरिकेत, आई इथे एकट्या. मुलाने व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवायला लावलं, यादी केली, टक्के मान्य केले. मग म्हणाला, "आईला किमती सांगू नका. तिला वाटतं ते कपाट पंधरा हजारांचं आहे. साडेतीनला गेलेलं कळलं तर उगाच रडेल. हिशेब मला पाठवा." त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला रात्री दोन वाजता जागून हे सगळं बघावं लागत होतं आणि तो थकलेला होता. पण कपाट आईचं. लग्नानंतर दोन वर्षांनी शिलाईच्या पैशांतून हप्त्याने घेतलेलं, हे त्यांनी मला चहा देताना सांगितलं होतं. पट्टी त्यांच्या नावाने व्हायला हवी. माझ्या वडिलांची पट्टी आम्हा मुलांना पाठवून त्यांना "चांगला भाव आला" एवढंच कुणी सांगितलं असतं तर? मी मुलाला तसं कळवलं, मागे जाऊन आलेल्या दिवसाचेही पैसे घेतले नाहीत. मागाहून कळलं की ते सगळं घर एकाच टेम्पोत भंगारवाल्याकडे गेलं. त्या कपाटाची मला अजून हळहळ वाटते.

आता पट्टी मी स्वतः लिहिते, हाताने, वहीच्या पानावर. वस्तू, कुणी नेली, कितीला, टेम्पो कुणी दिला, माझे किती, तुमचे किती. 'इतर' ही ओळ माझ्या पट्टीत नाही. ड्रॉवरच्या कागदाखाली काही सापडलं तर त्यावर माझा हक्क नाही, हेही वर लिहिलेलं असतं. एकदा सुपारीच्या कप्प्यात चांदीचं जोडवं निघालं, एकदा २०१६ च्या आधीच्या पाचशेच्या सहा नोटा. देव्हाऱ्यातले टाक, मानपत्रं, पत्रांचे गठ्ठे मी विकायला घेत नाही.

टक्के ऐकून लोक दचकतात. "पंचवीस? अगं, सराफसुद्धा एवढी घट धरत नाही!" मी मिक्सरची वही उघडून दाखवते. काही जण नको म्हणतात आणि स्वतः करतात, आणि चांगलं करतात. दोघी-तिघींना मीच फोटो कसे काढायचे ते शिकवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. काहींशी बोलणं तुटलं, ते अजून तुटलेलंच आहे. लग्नकार्यात भेटलं की ते नजर चुकवतात. त्याचं दुःख होतं. पण फुकट करत राहून आतल्या आत कडवट होत गेले असते तर त्याच लोकांकडे मीच नजर चुकवून पाहिलं असतं.

भाड्याच्या घरात जाऊन वर्ष झाल्यावर, गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. त्यांचं पायाचं शिवणयंत्र त्यांनी सोबत नेलं होतं, आता गुडघे चालत नाहीत म्हणून काढायचं होतं. मी गेले. चहा झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "तू आता घेतेस म्हणे. माझ्याकडून किती घेणार?"

सांगताना माझा घसा कोरडा पडला. पेढे, खण, ती संध्याकाळ, सगळं आठवलं. तरी सांगितलं, पहिल्या पाच हजारांवर पंचवीस टक्के.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग माझं ऐक. हे शिवणाऱ्या बाईकडेच गेलं पाहिजे. ती खालची बिडाची चौकट काढून वर काच ठेवतात आणि हॉटेलात टेबल करतात ना, तसल्या माणसाला द्यायचं नाही. दोन हजार कमी आले तरी चालतील. आणि भाचीला आधी विचार."

"विचारते," मी म्हटलं आणि त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं.

फोटो काढून मी त्यांना दाखवले. त्यांनी फोन लांब धरून एकेक पाहिला. "चामड्याचा पट्टा कुठे दिसतोय यात? आणि नुसतं यंत्र बघून कुणाला काय कळणार, टीप कशी येते ते नको का दाखवायला?" त्या उठल्या, खणातून बॉबिन काढली, दोरा भरला, सुईत ओवायला तिसऱ्या खेपेला जमला. पांढऱ्या चिंधीचा तुकडा सुईखाली घातला आणि दुखरा पाय पावट्यावर ठेवला. चाक आधी उलटं फिरलं, मग सुलटं, आणि यंत्राचा तो एकसारखा खडखडाट भाड्याच्या खोलीत भरून राहिला. वीतभर टीप झाल्यावर त्यांनी दोरा दाताने तोडला.

मी चिंधी खिडकीशी धरून फोटो काढायला लागले.

"हिचा नको काढू," काकू म्हणाल्या. "वाकडी आलीय. थांब जरा, दुसरी घालते."